मुक्या टीव्हीचे रविवार

कोपरी, ठाणे (पूर्व)
गुरुवार, रात्री साडेदहा

चि. मृणू,
अनेक आशीर्वाद.

उद्या बाबा डबा घेऊन निघतील, त्यांच्याच पिशवीत हे पत्र ठेवतेय. फोनवर लिहिलं असतं, पण दोन ओळींच्या पुढे गेले की तुझं 'आई, प्लीज' येतं आणि माझं म्हणणं तिथेच राहतं. डब्यात मऊ भात, मुगाचं वरण आणि दुधीची भाजी आहे. तिखटाचा कणही नाही. साडेसातच्या आत जेव आणि जेवल्यावर लगेच आडवी होऊ नकोस, पित्त वर आलं की त्या जागेला झोंबतं असं डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलंय. पाण्याची बाटली उशाशी ठेव. घशात काही अडकल्यासारखं वाटलं तर घोटभर पाणी पी, खाकरू मात्र नकोस.

बघ, घशाबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसले होते.

मला सोमवारचं लिहायचं होतं. शाळेच्या सामानातली ती लाकडी चौकटीची पाटी मी मुद्दाम माळ्यावरून काढली, पेन्सिली आणल्या, ओलं फडकं आणलं. वाटलं, लेकीला सात दिवस तोंड उघडायचं नाही, आपली मदत होईल. आणि मग तुझ्या खाटेशेजारी बसून मीच बोलत राहिले. दुखतंय का, किती दुखतंय, कापल्यासारखं की जळल्यासारखं, मळमळतंय का, निलूला कळवू का. तू लिहायचीस, मी पुसायचे, की पुढचा प्रश्न. शेवटी तू पाटी माझ्या हातातून ओढून घेतलीस आणि लिहिलंस, 'आई, घरि जा.' वेलांटी ऱ्हस्व. एकोणतीस वर्षं वह्या तपासल्यात, डोळा आधी वेलांटीवर गेला, अर्थ मागाहून पोचला. मी पिशवी उचलली आणि निघाले. अंधेरीहून घाटकोपरपर्यंत मेट्रोत उभीच होते, जागा होती तरी.

रागावलेली नाही. रविवारी रात्री मी जे बोलले ते तुझ्या मनात सलत असणार, हे मला तिथेच कळायला हवं होतं. 'ओरडायचे पैसे घेतेस, आता घसाच गेला, सोड हे काम.' ऑपरेशनच्या आदल्या रात्री कुठली आई असं बोलते? तू उत्तर दिलं नाहीस. त्या रात्री तुला बोलायला मुभा होती, तरी दिलं नाहीस. ते वाक्य मी परत घेते. काम सोड असं मी पुन्हा म्हणणार नाही.

पण मृणू, सलग नऊ तास? आणि किंकाळ्या सकाळीच? तूच मला समजावलं होतंस की डबिंगमध्ये मारामारीचे आवाज, ते 'एफर्ट्स', धापा, आरोळ्या, मरतानाचं ओरडणं, हे सगळं शेवटी घ्यायचं असतं. आधी साधे संवाद, आणि घसा संपवणारं काम दिवसाच्या अखेरीला. मग त्या स्टुडिओत उलटं का केलं? आणि केलं तर तू नाही का म्हणाली नाहीस? तुला नाही म्हणता येत नाही हे मला पहिलीपासून माहीत आहे. दुसऱ्यांच्या वह्या पूर्ण करून द्यायचीस. तुझ्या डाव्या स्वरतंतूवर रक्त साकळून तो फोड आला, तो एका दिवसात आला की वर्षभर येत होता, हे डॉक्टर सांगू शकत नाहीत म्हणाले. मला मात्र तो दिवस डोळ्यांसमोरून हलत नाही. काचेच्या खोलीत माझी मुलगी एकटी उभी आहे, कानावर हेडफोन, आणि बाहेरून कोणीतरी सांगतंय, 'अजून एकदा, जरा जोर लावून.'

पुन्हा तेच चाललंय माझं. थांब, पाणी पिऊन येते.

सोमवारपासून मला आपले शनिवार-रविवार फार आठवतायत. सांगितलं तर तुला खरं वाटणार नाही, पण घशाच्या काळजीतून मन सुटतं ते त्याच एका आठवणीत. बाबांची रातपाळी असायची, सव्वादहाला ते वागळे इस्टेटला जायला निघायचे. आजी नवालाच झोपायची. दादा तिकडे मोठ्या काकांकडे. मग तू आणि मी भिंतीला टेकून बसायचो आणि केबलवाला स्वतःच्या चॅनेलवर सीडी लावायचा. शनिवारी रात्री त्याचा कुंग फूचा सिनेमा ठरलेला. पहिली सीडी संपली की पडदा निळा व्हायचा, आणि तो माणूस झोपला असला तर पाच-पाच मिनिटं निळाच राहायचा. आपण तोपर्यंत शेंगदाणे सोलायचो.

काय सिनेमे होते ते! पांढऱ्या भुवयांचा म्हातारा गुरू, भुवया इतक्या लांब की दोन्ही बाजूंनी गालावर लोंबायच्या. कॅमेरा धाडकन धावत त्याच्या डोळ्यांपाशी जायचा आणि भुवयीच्या कडेचा डिंक स्पष्ट दिसायचा. दाढी कुरवाळत हसणारा खलनायक, हसणं संपलं तरी दाढी कुरवाळणं चालूच. तेच बांबूचं बन दर आठवड्याला. कड्यावरून पडणारा माणूस पडता पडता बाहुला व्हायचा, हात मागे वळलेले, तरी आपल्या पोटात धस्स व्हायचं. ठोसा लागायच्या आधी ठोशाचा आवाज यायचा, आणि प्रत्येक ठोशाला तोच एक फटाका. नुसती बाही झटकली तरी वाऱ्याचा सणसणाट. तू दहा-अकरा वर्षांची असशील, तुझ्या फ्रॉकला बाह्याच नव्हत्या म्हणून माझी ओढणी हाताला गुंडाळून झटकायचीस आणि तोंडाने तो आवाज काढायचीस. अगदी तस्सा.

आणि ते हिंदी! ओठ मिटले तरी वाक्य पुढे चाललेलं. ओठ खूप वेळ हलायचे आणि आवाज यायचा नुसता 'हां.' मग वेळ भरून काढायला कुठूनतरी 'और सुनो!' गुरू मेला की तासाभराने खलनायकाच्या तोंडून त्याच गुरूचा आवाज. तू एकदा दचकून मला म्हणालीस, 'आई, ह्याने गुरुजींना मारून त्यांचा आवाज घेतला.' ते मी कधी विसरले नाही. मी तुला तेव्हा सांगितलं की आवाज देणारे मोजकेच लोक असतात, एकेकाला चार-चार जणांचं बोलायला लागतं. तुझं सिनेमातलं लक्ष त्या दिवसापासून हललं. कोण जिंकतो यापेक्षा कोण बोलतोय हे तू शोधायला लागलीस. चेहरे नवीन, पण आवाज ओळखीचे. 'हा मागच्या शनिवारचा भिक्षू', 'ही ती चहावाली बाई'. नावं आपल्याला कुणाचीच माहीत नव्हती. सिनेमा संपला की केबलवाला शेवटच्या नावांच्या पाट्या कापून टाकायचा.

मी मास्तरीण, मला शिकवल्याशिवाय राहवत नाही. मी तुला दाखवलं होतं, आठवतं? माणसाचे ओठ मिटतात ते प, फ, ब, भ, म म्हणताना. तो चिनी माणूस बघ, त्याचे ओठ आत्ता मिटले, म्हणजे तिथे 'बदला' बसेल, 'इंतकाम' बसणार नाही, 'इंतकाम'ला ओठ पार शेवटी मिटतात. ओष्ठ्य वर्ण मी वर्गात साठ मुलांना फळ्यावर शिकवले, तुला मात्र टीव्हीसमोर. पुढे पहिल्या नोकरीच्या वेळी तू मला स्टुडिओच्या बाहेरून फोन केलास, 'आई, त्यांनी मला पवर्ग विचारला, इथे त्याला लेबियल म्हणतात.' त्या दिवशी मी जांभळी नाक्यावर भाजी घेत होते. तिथेच पिशवी खाली ठेवली आणि रडले. तुला कधी सांगितलं नाही.

रविवारची गोष्ट मला नीट लिहायची आहे, कारण तिचाच मला घोर लागलाय.

केबलवाला शनिवारचाच सिनेमा रविवारी दुपारी पुन्हा लावायचा. बाबा आतल्या खोलीत रातपाळीची झोप काढत असायचे, मध्ये नुसता पडदा. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद. आणि आजीला तर सिनेमा बघायचा असायचा. तिला हिंदी धड कळायचं नाही, आणि आवाज बंद म्हटल्यावर प्रश्नच मिटला. मग तू तिच्या मांडीला टेकून, रात्री ऐकलेलं सगळं तिच्या कानात मराठीत म्हणायचीस. कुजबुजत. गुरू वेगळा, शिष्य वेगळा, सरदार वेगळा, आणि सगळे मालवणी बोलायचे. 'माझ्या गुरूक मारलंस, आता तुका सोडूचंय नाय.' तू ओठांकडे बघत थांबायचीस, ते उघडले की सुरू, मिटले की बंद. त्या हिंदीवाल्यांना जमलं नव्हतं ते तू दहाव्या वर्षी जमवत होतीस.

आजीला त्यातलं काहीच खोटं वाटायचं नाही, किंवा असं म्हणू की खोटं असल्याचा तिला अडसरच नव्हता. कुडाळकडची बाई. तिचा भाऊ दशावतारात राजा व्हायचा. तिथे देवळाच्या आवारात एक बाक ठेवलेलं असतं, तेच सिंहासन, तोच पर्वत. संवाद लिहिलेले नसतात, नट उभा राहतो आणि बोलतो. लढाई म्हणजे मृदंग आणि झांजेवर तलवारीला तलवार लावत फिरायचं. आजीला हे चिनी लोक आपल्याच गावचे वाटायचे. एकदा गुरूची एक भुवई लढता लढता सुटली आणि पुढच्याच क्षणी परत जागेवर. मी हसायला लागले. आजी म्हणाली, 'हसा नको गो, तेका ठावक हा भुवई पडली ती, तरी तो थांबाक नाय.' मी गप्प झाले. त्यानंतर त्या सिनेमांना मी कधी हसले नाही. आनंद तेवढाच व्हायचा, उलट जास्त. पैसे नाहीत, दाढी चिकटत नाही, दोरी दिसतेय, पण उडी मारायची तर पूर्ण जीव लावून. आणि कुठल्याशा स्टुडिओत घामाघूम झालेले चार लोक चाळीस माणसांचं बोलतायत, तेही पूर्ण जीव लावून. वर्गातल्या बाकांवर उभं राहून माझी मुलं शिवाजी महाराजांचं नाटक करायची तेव्हा मला असंच भरून यायचं.

तू पुढे मला किती काय काय सांगितलंस या सिनेमांबद्दल. की हाँगकाँगला तेव्हा बहुतेक शूटिंग मुकंच व्हायचं, शॉ ब्रदर्ससारख्या मोठ्या स्टुडिओतसुद्धा. एक नट कँटनीज बोलतोय, दुसरा मँडरिन, कोणाचंच ध्वनिमुद्रण नाही, आवाज सगळा नंतर. म्हणजे मूळ चिनी सिनेमासुद्धा डबच केलेला. ब्रूस लीच्या १९७१च्या सिनेमात मँडरिन बोलणारा गळा दुसऱ्याचाच. मग हाँगकाँगमध्येच राहणारे मूठभर परदेशी लोक त्याला इंग्रजी आवाज द्यायचे, आणि त्या इंग्रजीवरून आपलं हिंदी. आपण जे ऐकत होतो ते आवाजावर चढवलेल्या आवाजावरचा आवाज. हे सांगताना तुझे डोळे असे चमकत होते! आणि ती चपळाई, तीही कॅमेऱ्याची, सेकंदाला २४ ऐवजी २२ किंवा २० चित्रं घ्यायची म्हणजे पडद्यावर माणूस पळतो. मला ते ऐकून वाईट वाटलं नाही, बरंच वाटलं. म्हटलं, म्हणजे कोणाला फारसं लागत नसणार.

मग तूच सांगितलंस जॅकी चॅनचं. १९८६ साली झाडावरून पडला, कवटी फुटली, मेंदूचं ऑपरेशन झालं. दिसायला सगळा पोरखेळ, आणि माणूस मरता मरता वाचला. आणि ब्रूस ली गेला १९७३ साली, बत्तीस वर्षांचा. त्याचा अर्धवट राहिलेला सिनेमा पाच वर्षांनी दुसऱ्याच माणसांना उभं करून पुरा केला, आणि एका दृश्यात तर आरशावर त्याच्या चेहऱ्याचा कागदी तुकडा चिकटवलाय. तू ते लॅपटॉपवर दाखवलंस तेव्हा सगळे हसतात त्याला असं म्हणालीस. मला हसू आलं नाही. माणूस नाही, आवाज नाही, तरी त्याला बोलायला लावतायत. बत्तीस म्हणजे तुझ्याहून एकच वर्ष मोठा होता तो. असले विचार सोमवारी रात्री डोक्यात यायला लागले म्हणून मी दोन वाजता उठून देवघर घासलं.

तर घोर हा. डॉक्टर म्हणाले कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजताना घशावर ताण येतो. मी तिथे उभी होते आणि मला एकदम तो टीव्ही दिसला, आजीची मांडी दिसली. किती वर्षं, मृणू? दर रविवारी मी तुला 'हळू, बाबा झोपलेत' म्हणायचे. 'अजून हळू.' तू दोन-दोन तास कुजबुजत बोललीस, दहा-दहा जणांचे आवाज. लहान गळा तो. मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं की लहानपणीच्या कुजबुजण्याने हे झालं असेल का. ते म्हणाले, 'नाही हो ताई, याचा त्याच्याशी संबंध नाही.' ते म्हणाले ते मी ऐकलंय. तरी रात्री झोप लागत नाही तेव्हा मला माझाच 'हळू' ऐकू येतो.

आणि दुसरं असं की घसा जाणं म्हणजे काय हे मला माहीत आहे. शाळा रस्त्याला लागून, खिडकीबाहेर बस आणि टेम्पो, वर्गात साठ मुलं. पहिली दहा वर्षं मी कवितेच्या तासाला चालीत गायचे. चाळिशीनंतर वरचे सूर लागेनासे झाले. ज्येष्ठमध धरलं, खडीसाखर धरली, मे महिन्यात बरं व्हायचं आणि जूनमध्ये पुन्हा तेच. डॉक्टरकडे गेले नाही. घशासाठी कोण डॉक्टरकडे जातं, असं वाटायचं. भोंडल्याला नुसत्या टाळ्या वाजवायला लागले, आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. म्हणून तुझ्या आवाजाला मी इतकी धास्तावते. माझं गेलं ते गाणं होतं, त्यावर घर चालत नव्हतं. तू दाखवायला गेलीस, दुर्बिणीने तपासून घेतलंस, ऑपरेशनची तारीख घेऊन मगच आम्हाला सांगितलंस. त्या वेळी मी चिडले होते की आधी का नाही सांगितलं. आता वाटतं, बरं केलंस. मी ज्येष्ठमध देत बसले असते.

पण ऐक, हे शेवटचं. स्पीच थेरपी मध्येच सोडू नकोस. बरं वाटायला लागलं की तू औषधं सोडतेस, डेंग्यूच्या वेळी केलं होतंस तसं करू नकोस. पाच मिनिटं म्हटली तर पाचच मिनिटं बोल. काम परत सुरू करशील तेव्हा त्यांना आधीच सांग, किंकाळ्या शेवटी, आणि दिवसाला इतकेच तास. कागदावर लिहून घे. तोंडी नको. तुझी किंमत ठेव त्यांनी ठेवली नाही तर. तू सिनेमातल्या बाईला आवाज दिला नसतास तर ती पडद्यावर नुसती तोंड हलवत राहिली असती, हे त्यांना कळत नसेल तर… जाऊ दे. व्याख्यान झालं. माफ कर, हे सगळं तुला माहीत आहे, माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कागदावर लिहून घेण्याचं मात्र खरंच कर.

काल एक गोष्ट झाली ती सांगते आणि थांबते.

दुपारी मी ताट वाढत होते आणि बाहेरच्या खोलीतून तू ओरडलीस. माझ्या हातून आमटीचा डाव खाली पडला. धावत बाहेर गेले तर टीव्हीवर कुठलासा नवीन चिनी सिनेमा, एक बाई दोन तलवारी घेऊन छपरावरून उडी मारतेय, आणि आवाज तुझा. पंधरा-वीस जणांना लोळवून ती म्हणाली, 'अभी मेरी बारी है.' 'बारी'च्या 'बा'ला तिचे ओठ बरोबर मिटले. मी दारातच उभी राहिले. तू तिकडे अंधेरीत तोंड मिटून पडलेली, आणि तुझा धडधाकट आवाज आमच्या घरात त्या परक्या बाईच्या तोंडून. किती जोर होता त्यात, मृणू. मला वाटलं, हाच आवाज परत येईल ना? अस्साच?

आणि बाबा. त्यांनी आवाज वाढवत नेला होता, प्रेसच्या खटक्यांनी कान गेलेत ते काही आज नाही. शेजारून भिंतीवर थाप आली तरी कमी केला नाही. सिनेमा संपेपर्यंत बसले. मग म्हणाले, 'लहानपणी म्हातारे छान करायची ती.' मी विचारलं, तुम्हाला काय माहीत, तुम्ही तर झोपलेले असायचात. तर म्हणाले, 'दिवसा कुठली झोप लागते? पडून ऐकायचो. सगळे सिनेमे मला पाठ आहेत. बघितला एकही नाही.'

मृणू, पडद्यापलीकडे ते जागे असायचे. एवढी वर्षं. त्या तुझ्या मालवणी सरदारांना ऐकत.

मी विचारलं, मग बाहेर येऊन बसायचं ना. ते म्हणाले, 'मी आलो असतो तर तिने बंद केलं असतं.'

उद्या ते बाराच्या सुमारास पोचतील. गर्दी टाळून जा म्हटलंय. त्यांना मी ताकीद दिलीय की उत्तर द्यावं लागेल असं काहीही विचारायचं नाही. ते नुसते बसतील. पाटी तुझ्याकडेच राहू दे. सोमवारी डॉक्टरांनी बोलायला सांगितलं तर पहिली मिनिटं आमच्या फोनवर घालवू नकोस, थेरपिस्टसमोरच बोल. मला नंतर दोन शब्द लिहून कळव. घाई नाही.

तुझी,
आई

ता. क. बाबांनी विचारलंय, तुमच्या त्या खोलीत टीव्ही आहे का. असला तर कुंग फूचा एखादा सिनेमा लाव आणि आवाज बंद ठेव. ते म्हणतात, या वेळी बोलायचं काम मी करतो. सकाळपासून आंघोळ करताना गुरूचा आवाज काढून बघतायत. ओठ जुळणार नाहीत, सांभाळून घे. आणि हसू आलं तर तोंड मिटून हस.